धुऱ्यावरचे फुलपाखरांचे थवे: पोळा ते दिवाळी, नागपूरच्या आसपास कसे पाहायचे

नागपुरात फुलपाखरं पाहायची म्हटली की लोक लगेच पेंच नाही तर उमरेड-कऱ्हांडल्याच्या जिप्सीचं बुकिंग शोधायला लागतात, आणि तिकडे शहराबाहेरच्या सोयाबीन-कपाशीच्या वावरांवरून एकाच दिशेनं पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांची रांग निघून जाते ती कोणी मान वळवूनही पाहत नाही. तर हा लेख त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे स्कूटी आहे, सकाळचे दोन-तीन तास आहेत आणि जंगलाचं तिकीट नाही. आणि एक आधीच सांगतो, थवा दिसणं काही कठीण नाही, योग्य दिवसात धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाऊन उभं राहिलं की दिसतोच, पण तो तिथे काहून जमला हे ओळखणं हाच खरा मजेचा भाग आहे, कारण जमलेलं प्रत्येक फुलपाखरू स्थलांतर करून नाही राहिलं. बहुतेक जण इथेच गफलत करतात, पन्नास फुलपाखरं एका ओल्या जागी दिसली की "मायग्रेशन" म्हणून व्हिडिओ टाकून मोकळे.

दिवस कोणते

मोटामोटी हिशोब म्हणजे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा शेवट. याचं कारण सरळ आहे. जूनच्या पहिल्या पावसात तरोटा उगवतो, बहाव्याला कोवळी पानं असतात, रुई भरगच्च होते, वेली चढतात, आणि फुलपाखरांच्या अळ्यांना हेच खायला लागतं. अंड्यापासून उडणाऱ्या फुलपाखरापर्यंत यायला इमिग्रंट (इंग्रजीत Emigrant, मोठी पांढरी-फिकट पिवळी फुलपाखरं) यासारख्या जातींना साधारण तीन-चार आठवडे पुरतात, त्यामुळे पावसाळ्यात एकामागून एक पिढ्या निघतात आणि सप्टेंबर येईपर्यंत संख्या एकदम फुगते. तेव्हाच जुना तरोटा जून व्हायला लागतो, अळ्यांनी अर्धा खाल्लेला राहतो, म्हणजे खाणारे जास्त आणि खायला कमी. मग उठून दुसरीकडे जाण्याशिवाय इलाज नाही.

त्यातल्या त्यात भरवशाचे दिवस म्हणजे दोन-तीन दिवस झड लागून गेली आणि मग लख्ख ऊन पडलं, तो पहिला आणि दुसरा दिवस. झडीत फुलपाखरं पानाखाली लपून बसलेली असतात, उपाशी असतात, ऊन पडलं की सगळी एकदमच बाहेर येतात. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विदर्भातून परततो, त्यानंतर ऑक्टोबर हीट सुरू, तेव्हा सकाळचे तासच कामाचे, दुपारी तुम्हीही भाजता आणि फुलपाखरंही सावलीला जातात.

जागा कशी निवडायची

अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स ह्या जागा चांगल्याच आहेत, सुरुवातीला ओळख पटवायला तिथेच जा, रस्ते आहेत, साप-काट्याची भीती जरा कमी, आणि चार जण विचारायला भेटतात. पण थवे पाहायला मोकळं वावर पाहिजे, कारण दूरवर नजर जायला हवी आणि फुलपाखरं कुठून आली, कुठे गेली हे दिसायला हवं. झाडीत ते कळत नाही.

वावर निवडताना पिकाकडे पाहूच नका, धुऱ्याकडे पाहा. सोयाबीनच्या फुलात फुलपाखराला फारसा रस नसतो, पण धुऱ्यावर एकदांडी पसरलेली असेल, रायमुनियाचं एखादं झुडूप असेल, पांदणीच्या कडेनं तरोटा असेल, रुई उभी असेल तर ती जागा धरून ठेवा. ज्या वावरात तणनाशक मारून धुरा पिवळाफटक केलेला आहे तिथे वेळ घालवू नका. बाजूला छोटा नाला असेल तर फारच छान, कारण ओली रेती मिळते आणि नाल्याकाठच्या दाट झाडाखाली संध्याकाळी मुक्कामाला येणारी फुलपाखरंही मिळतात. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा आहेत, तिथे लाइम बटरफ्लाय भरपूर राहतं, त्याची अळी संत्र्याची, लिंबाची, गोडलिंबाची कोवळी पानं खाते, नर्सरीवाल्यांना ती चांगलीच माहीत असते आणि आवडत अजिबात नसते.

आणि एकच जागा ठरवा. हे मी जरा ठासून सांगतो कारण आपली सवय अशी की आज कळमेश्वर, पुढच्या रविवारी रामटेक, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कुठे, आणि शेवटी हाती राहतात फक्त फोटो. त्याच धुऱ्यावर, त्याच वेळेला, आठवड्यातून एकदा गेलात तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इमिग्रंट वाढले की कमी झाले हे तुम्हाला समजेल, नाही तर कधीच नाही समजणार.

वावरात शिरण्याआधी

वावर कोणाचं तरी असतं. सरळ विचारायचं. "काका, फुलपाखरं पाहाले आलो होतो, धुऱ्यावर उभं राहू का?" समोरून हमखास येतं, "फुलपाखरं? अन् त्याचं काय करता?" मग दोन मिनिटं बोला, दुर्बिणीतून त्यांनाही दाखवा, पुढच्या वेळेस तेच सांगतील की परवा नाल्याजवळ लई पिवळी जमली होती. शेतमालकाइतका चांगला खबरी दुसरा नाही, कारण तो रोज तिथे असतो.

त्यांना दोन गोष्टी नक्की विचारायच्या. पहिली, फवारणी कधी केली. कपाशीवर ताजी फवारणी झालेली असेल तर त्या वावरात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला तर अजिबातच, उभं राहायचं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, हे आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. दुसरी, तारेत करंट आहे का. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी आजकाल खूप वावरांना झटका मशीन लावलेली राहते, आणि काही ठिकाणी तर लोक थेट लाइनवरून आकडा टाकून तार सोडतात, ती जीवघेणी असते. दुर्बीण डोळ्याला लावून मागे मागे सरकत जायचं आणि तारेला टेकायचं, असं नको. आधी थांबा, मग पाहा, आणि चालताना दुर्बीण गळ्यात.

पायात बूट आणि फुलपॅन्ट, चप्पल नाही. घोणस, मण्यार, नाग तिन्ही या दिवसात वावरात असतात. काही झालंच तर मांत्रिक, जडीबुटी, ब्लेडनं कापणं वगैरे प्रकार न करता सरळ नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज नाही तर मेयो हॉस्पिटल, किंवा जवळ पडेल तो सरकारी दवाखाना. विजेचंही सांभाळा, परतीच्या पावसात दुपारनंतर वीज पडते. फोनमधे दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं आहे, आजूबाजूला विजा असतील तर अलर्ट देतं. उमरेड, पवनी, बोर या बाजूच्या जंगलाला लागून असलेल्या वावरात एकटं जाऊ नका, आणि अंधार पडायच्या आत निघा, बाकी समजून घ्या. गाजरगवताची ॲलर्जी असेल तर बाह्या पूर्ण.

सामान

फार नाही लागत. दुर्बीण घेणार असाल तर आठ बाय बत्तीस किंवा आठ बाय बेचाळीस, पण दुकानात एक गोष्ट तपासा, किती जवळचं फोकस होतं. पक्ष्यांची बरीच दुर्बीण तीन-चार मीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि फुलपाखरू तर दोन मीटरवर बसलेलं असतं. पेंटॅक्सची पॅपिलिओ म्हणून एक छोटी दुर्बीण येते, ती अर्ध्या मीटरवरही फोकस होते, फुलपाखरांसाठी भन्नाट आहे. नसेल तर नसू द्या. फोनमधला कंपास, एक वही, पेन्सिल, पाणी, टोपी, आणि बोटानं टिकटिक दाबून मोजायचं ते छोटं काउंटर. वही पावसानं भिजते म्हणून पेन नको, पेन्सिल. जाळी आणायची नाही. पकडून काही कळत नाही जे पाहून कळणार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली फुलपाखरांच्याही कित्येक जाती येतात.

वेळ

आठ-साडेआठला जागेवर पोचा. फुलपाखराचं अंग थंड असेपर्यंत ते उडत नाही, आधी पंख उघडून, किंवा इमिग्रंटसारखे पंख मिटून आडवं होऊन, उन्हात बसतं. हीच ओळखायची सर्वात सोपी वेळ, सगळी निवांत बसलेली असतात. नऊ ते अकरा-साडेअकरा मुख्य कार्यक्रम. बारा ते तीन जेवून घ्या. मग चारनंतर टायगर आणि क्रो नावाची फुलपाखरं मुक्कामाची जागा शोधायला लागतात, ते नाल्याकाठी पाहायचं.

थवा कशाचा आहे, हे कसं ओळखायचं

आता मुख्य गोष्ट. फुलपाखरं जमलेली दिसली की लगेच कॅमेरा काढू नका, आधी दोन मिनिटं नुसतं पाहा आणि स्वतःला विचारा की ही करून काय राहिली. उत्तर बहुतेक वेळा पायाखालीच सापडतं.

ओल्या रेतीवर, नाल्याच्या काठाला, बैलांनी मुतलेल्या जागी दाटीवाटीनं बसलेली पिवळी-पांढरी फुलपाखरं असतील तर ते चिखलपान. सोंड खाली रुतवलेली दिसते. त्यातून ती मीठ, म्हणजे सोडियम घेतात, आणि जमलेले जवळजवळ सगळे नर असतात. पानात आणि मधात सोडियम फार कमी असतं, नर ते मातीतून गोळा करतो आणि मिलनाच्या वेळेस मादीकडे देतो, ते पुढे अंड्यांपर्यंत पोचतं. यात ग्रास यलो, इमिग्रंट, लाइम, छोटी निळी अशी मिश्र पंगत बसलेली असते. ही पंगत आहे, प्रवास नाही. पाय आपटला की उडतात आणि दोन मिनिटांत परत तिथेच येऊन बसतात. (पाय आपटू नका, सांगायचं म्हणून सांगितलं.)

दुसरा प्रकार जास्त गंमतीचा. खुळखुळा, म्हणजे शेंग वाळली की खुळखुळ वाजते ती, आणि भुरुंडी, या दोन झाडांवर टायगर आणि क्रो अक्षरशः लगडलेले दिसतात, फुलावर नाही तर वाळलेल्या काडीवर, सुकलेल्या पानावर, शेंगेवर. पाहणाऱ्याला वाटतं फुलं सोडून हे कचऱ्यावर काहून बसले. या झाडांमधे एक विषारी अल्कलॉइड असतं, नर पायानं पान खरवडून, सोंडेनं ओलं करून ते शोषतो, आणि त्यापासून मादीला आकर्षित करणारा वास तयार करतो, शिवाय अंगात विष भिनल्यामुळे पक्षीही लांब राहतात. बोरूचं हिरवळीचं खत करणारे शेतकरी असतील तर त्यांच्या वावरात हे जरूर पाहा, कारण बोरू पण खुळखुळ्याच्याच कुळातला. एक सोपा प्रयोग आहे, धुऱ्यावरच्या खुळखुळ्याची एक फांदी अर्धवट मोडून लोंबकळत ठेवा, ती सुकायला लागली की टायगर यायला लागतात. फक्त मोडलेली फांदी गुरांच्या वाटेत टाकू नका, तेच अल्कलॉइड गुरांच्या लिव्हरला बाधतं.

फुलांवरची गर्दी सांगायची गरज नाही, ती कळतेच. एकदांडीवर पॅन्सी नावाची फुलपाखरं आणि छोटी निळी, रायमुनियावर टायगर, क्रो आणि लाइम.

मग मुक्काम. ब्ल्यू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, क्रो हे संध्याकाळी सावलीतल्या, वारा न लागणाऱ्या जागी, जांभूळ-उंबर-करंजाखालच्या वाळक्या फांद्यांवर, लोंबणाऱ्या वेलींवर रांगेनं पंख मिटून लटकतात. पंख मिटलेले असले की वाळक्या पानासारखे दिसतात, दहा फुटांवरून जाल आणि कळणार नाही. एखाद्यानं पंख उघडला की मग एकदम लक्षात येतं की पूर्ण फांदी भरलेली आहे. इथे टॉर्च मारणं, फांदी हलवणं, "एकदा उडवून दाखव ना" वगैरे अजिबात नको, अंधारात उडालेलं फुलपाखरू कुठेही धडकतं आणि सकाळी थंड अंगानं जमिनीवर पडलेलं मुंग्यांना सापडतं. आणि असा मुक्काम सापडला तर लोकेशन मोठ्या ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या संध्याकाळी तिथे वीस लोक असतात.

आता राहिला खरा प्रवास. त्याची लक्षणं वेगळीच. फुलपाखरू सरळ जातं, एका लायनीत, फुलाकडे पाहत नाही, दुसरं फुलपाखरू बाजूला आलं तरी त्याच्याशी गिरक्या घेत बसत नाही. समोर बाभूळ आली तर बाजूनं वळून न जाता वरून जातं आणि पलीकडे परत खाली येऊन तीच दिशा धरतं. घर आलं तरी तेच. एक गेलं की दहा-वीस सेकंदांनी दुसरं, मग तिसरं, सगळी त्याच बाजूला. थवा म्हणजे दाट ढग असेल असं डोक्यात असतं आपल्या, पण आपल्याकडे तो बहुतेक असा विरळ, सुटा सुटा, तासन् तास चालणारा प्रवाह असतो, आणि म्हणूनच तो दिसत नाही. एका ठिकाणी उभं राहून दहा मिनिटं काहीच न करता पाहत राहिलात तरच कळतो.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. जमिनीलगत वारा कमी असतो, त्यामुळे समोरून वारा असला की फुलपाखरं पिकाला घासून जातात, तेव्हा ती आपल्याला दिसतात. मागून वारा असला की ती वर चढू शकतात, आणि मग खालून काहीच कळत नाही. पेंटेड लेडी नावाच्या फुलपाखराचं इंग्लंडमधे असंच झालं, वर्षानुवर्षं लोकांना वाटायचं की वसंतात येते आणि परत जातच नाही, तिकडेच मरते. मग रडारवरून कळलं की शरद ऋतूत ती ५०० मीटरपेक्षाही जास्त उंचीवरून परत जात होती, कोणाला दिसत नव्हती एवढंच. हीच पेंटेड लेडी ऑक्टोबर २०१३ मधे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर सापडली, आणि पश्चिम आफ्रिकेपासून अटलांटिक ओलांडून, निदान ४२०० किलोमीटर उडून ती आल्याचं २०२४ मधे छापून आलं. आपल्या धुऱ्यावर एकदांडीवर बसलेलं ते नारिंगी-काळं फुलपाखरू हेच, जरा मान देऊन पाहा.

दक्षिणेत, म्हणजे बंगळुरूकडे, टायगर आणि क्रोची ये-जा चांगली नोंदवलेली आहे, मान्सूनच्या आधी सह्याद्रीकडून पूर्वेच्या मैदानाकडे आणि पावसाळा संपल्यावर परत. पण तो हिशोब जसाच्या तसा नागपूरला चिकटवू नका. आपल्याला इथली दिशा इथेच मोजायची आहे.

मोजायचं कसं

हे ऐकायला किचकट वाटतं, करायला सोपं आहे. धुऱ्यावर उभं राहा, समोर दोन खुणा पकडा, एक विजेचा खांब आणि एक बाभूळ चालेल, दोघांमधलं अंतर साधारण वीस-पंचवीस मीटर. पावलांनी मोजून वहीत लिहा. ऊन पाठीवर असू द्या, नाही तर पांढरी फुलपाखरं चमकेत हरवतात. मग पाच मिनिटं फक्त ती मोजा जी या दोन खुणांच्या मधून आरपार गेली. जी तिथेच भिरभिरली ती सोडा. जाणारी आणि येणारी वेगवेगळी मोजा, दोघं असाल तर एकेक बाजू वाटून घ्या.

समजा पूर्वेकडे ४६ गेली आणि पश्चिमेकडे ९. म्हणजे पूर्वेकडे निव्वळ ३७, हा प्रवाह आहे. दोन्हीकडे २५-२५ असतील तर ती फक्त त्या भागात फिरून राहिली, स्थलांतर नाही. दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं असं मोजा. मधल्या वेळात चहा, गप्पा, फोटो, जे करायचं ते.

दिशा नीट हवी असेल तर एकाच फुलपाखराच्या मागे नजर लावा, ते दिसेनासं होईपर्यंत, आणि ज्या ठिकाणी ते हरवलं तिकडे फोन धरून कंपासचा आकडा लिहा. असे पाच-दहा आकडे झाले की चित्र साफ होतं. फोनचा कंपास स्कूटीजवळ आणि लोखंडी गेटजवळ वेडा होतो, हे ध्यानात ठेवा. वारा कुठून येतो ते वाळकं गवत हातातून सोडून पाहायचं. वहीत एवढंच: तारीख, जागा, वेळ कधीपासून कधीपर्यंत, आकाश, वारा, जात, जाणारी, येणारी, अंदाजे उंची. आणि जेव्हा काहीच दिसलं नाही तेव्हा शून्य लिहायचं. शून्य लिहायला लोकांना जिवावर येतं, पण शून्याशिवाय ४६ ला काही अर्थच नाही.

मुक्कामाच्या फांद्या मोजताना एका फांदीवरची नीट मोजा, मग तशा फांद्या किती ते पाहून गुणा, आणि वहीत "अंदाजे" असा शब्द लिहा.

कोण कोण दिसेल

सगळी नावं पाठ करायची गरज नाही, सात-आठ आली की नव्वद टक्के काम झालं.

पांढरी-फिकट पिवळी, मोठी, जोरात जाणारी ती इमिग्रंट. कॉमन इमिग्रंटची अळी बहाव्यावर, मॉटल्ड इमिग्रंटची तरोट्यावर. मॉटल्डच्या पंखाखाली बारीक तपकिरी रेघोट्या असतात, पण उडताना दोन्ही एकसारखीच दिसतात, तेव्हा उडणाऱ्याला वहीत नुसतं "इमिग्रंट" लिहा, हुशारी नको. छोटी, पिवळीधमक, जमिनीलगत लुटलुट उडणारी ती ग्रास यलो, तिला प्रवासी समजू नका.

नारिंगी रंगात गोंधळ जास्त. प्लेन टायगर म्हणजे रुईवालं, नारिंगी पंख, टोकाला काळा भाग आणि त्यात पांढरे पट्टे. मागच्या पंखाच्या मधे तीन काळे ठिपके असतील तर मादी, चार असतील तर नर. पंखाच्या शिराही काळ्या असतील तर ते स्ट्राइप्ड टायगर. दरवर्षी कोणी ना कोणी स्ट्राइप्ड टायगरचा फोटो टाकून "अमेरिकेचं मोनार्क नागपुरात" असं लिहितं. मोनार्क याच कुळातलं आहे हे खरं, आणि त्याचं प्रकरण जबरदस्तच आहे, कॅनडा-अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडून ते मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळा काढतं आणि ती जागा शास्त्रज्ञांना कळली १९७५ च्या जानेवारीत. पण ते तिकडे. आपलं ते स्ट्राइप्ड टायगर.

आणखी एक फसवं पात्र, डनेड एगफ्लाय. हिची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, कारण प्लेन टायगर रुई खाऊन कडू झालेलं असतं, पक्षी त्याला सोडून देतात, आणि ही त्या नावावर फुकट जगते. मागच्या पंखाच्या मधले ते काळे ठिपके हिला नसतात, तेवढं पाहिलं की पकडली. नर तर पूर्ण वेगळा, काळा, त्यावर मोठे पांढरे गोल आणि त्यांना निळसर-जांभळी झाक.

काळ्यावर निळसर पांढरे पट्टे-ठिपके ते ब्ल्यू टायगर. तपकिरी-काळं, कडेला पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, संथ उडणारं ते कॉमन क्रो, त्याची अळी वड, पिंपळ, कण्हेरीवर. पेंटेड लेडी वर झालीच. आणि सगळे विचारतात ते ब्ल्यू मॉर्मन, २०१५ मधे जाहीर झालेलं महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, त्याची उघड्या वावरात आशा धरू नका, ते सावलीचं, झाडीचं गिऱ्हाईक आहे.

संध्याकाळी वावरावर शेकड्यानं घिरट्या घालणारे पिवळसर दिसले आणि पंख पारदर्शक असले तर ती फुलपाखरं नाहीतच, ते चतुर, ग्लोब स्किमर. पण त्यांना हिणवू नका, भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाणारे प्रवासी तेच आहेत. वहीत त्यांनाही एक ओळ द्या.

फोटो आणि नोंद

फोटोबद्दल थोडक्यात: सावली फुलपाखरावर पडू देऊ नका, समोरून न जाता बाजूनं, वाकून, हळू. वरचा फोटो सुंदर येतो पण ओळख बऱ्याचदा खालच्या बाजूवरून पटते, म्हणून दोन्ही घ्या. थव्याचा फोटो घेताना जमीनही येऊ द्या, ओली रेती आहे की खुळखुळा, ते दिसलं पाहिजे.

नोंद फोनच्या गॅलरीत सडू देऊ नका. आयनॅचुरलिस्टवर टाका, बटरफ्लाइज ऑफ इंडियाच्या साइटवर टाका. २०२० पासून सप्टेंबरमधे देशभर बिग बटरफ्लाय मंथ होतो, बरोबर आपल्या सीझनमधेच, त्यात आपल्या धुऱ्याची मोजणी बसवून टाका. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे, आणि गावोगाव जैवविविधता समित्या असतात, तुमच्या गावच्या समितीच्या नोंदवहीत फुलपाखरांचं पान आहे का, हे सरपंचाला एकदा विचारायला हरकत नाही.

घरचं वावर असेल तर तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे. एका धुऱ्यावर, फक्त एकाच, दोन-तीन मीटरचा पट्टा तणनाशकाशिवाय सोडा. तरोटा, एकदांडी, रुई, खुळखुळा आपोआप येतात, पैसे देऊन काही लावायचं नाही. गाजरगवत मात्र फुलावर यायच्या आधी उपटा. सोयाबीन सोंगून झाल्यावर वावर मोकळं होतं तेव्हा अख्ख्या भागात फुलं उरलेली असतात ती याच पट्ट्यात, आणि ऑक्टोबरची मोजणी तिथेच करायला मजा येते.

दिवाळीनंतर इमिग्रंट कमी होतात, पण तूर फुलावर आली की पी ब्ल्यू म्हणून छोटी, मागे बारीक शेपटी असलेली निळी फुलपाखरं तुरीवर दिसायला लागतात. हीही लांब लांब जाणारी जात आहे, तेव्हा वही बंद करू नका, तुरीच्या दोन ओळींमधून हळू चालत दर वीस पावलांना किती दिसली ते लिहीत जा. फक्त शेतमालक सोबत असतील तर "किती गोड आहेत ना" असं तोंडातून काढू नका, कारण तिची अळी तुरीची कळी आणि शेंग पोखरते, आणि काका लगेच विचारतील की मग यावर कोणतं औषध मारू.